भात, पड आणि बिनशेती

सातबाराचा उतारा हातीं आला म्हणजे बहुतेक लोक प्रथम वरचीं नांवें पाहतात. भाऊबंदांचीं नांवें बरोबर लागलीं आहेत कीं नाहींत, बोजा कोणाचा आहे, फेरफार मंजूर झाला कीं नाहीं, एवढें पाहून उतारा घडी करून ठेवतात. आम्हांस मात्र महसूल खात्याच्या कारकुनीमुळें वरचीं नांवें सोडून प्रथम खालचा पिकांचा तक्ता पाहण्याची संवय जडली आहे. गांव नमुना सातांत जमीन कोणाची हें कळतें. नमुना बारांत त्या जमिनींतून काय निघतें हें कळतें. आणि पोट भरतें तें नमुना बारावर, सातावर नव्हे.

ह्या नमुना बारांत कल्याण, अंबरनाथ, भिवंडी आणि ठाणें ह्या तालुक्यांच्या गांवोगांवीं, पूर्वीं जेथें ओळीनें 'भात, भात, भात' असें लिहिलेलें असे, तेथें अलीकडे 'पड' हा दोन अक्षरांचा शब्द पुन्हां पुन्हां दिसूं लागला आहे. त्याकडे आमच्या सभासद बंधूंचें लक्ष वेधावें, आणि त्याबाबत आपल्या हातीं काय आहे तें सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शेतजमीन बिनशेती होते म्हणून सर्वत्र ओरड चालू आहे, आणि ती खोटी नाहीं. डोंबिवलीच्या आसपासच्या गांवांत जेथें पंचवीस वर्षांपूर्वीं आवणें तरारत असत तेथें आज इमारती उभ्या आहेत. भिवंडींत नाशिक रस्त्याच्या दोहों बाजूंस गोदामांच्या पत्र्यांची रांग लागली आहे. समृद्धि महामार्ग जून २०२५ मध्यें भिवंडी तालुक्यांतील आमण्यापर्यंत पुरा झाला. मुंबई-अहमदाबाद द्रुतगति रेल्वेचे खांबही ह्याच जिल्ह्यांतून चालले आहेत. ह्या सर्वांस जमीन लागली, व ती बहुतांशीं भाताचीच होती. परंतु आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, जी जमीन सरकारनें भूसंपादनानें घेतली ती सोडल्यास, भाताची जमीन एकदम बिनशेती क्वचितच होते. भात आणि बिनशेती ह्यांच्या मध्यें पडीची एक पायरी असते. चार, सहा, कधीं दहा वर्षें जमीन नुसती पडून राहते आणि मग ती जाते. बिनशेतीचा हुकूम कचेरींतून सुटतो; पडीचा हुकूम आपण आपल्याच तोंडानें देतों. म्हणून ह्या मधल्या पायरीचा विचार दुसऱ्या कोणी नव्हे, आपण केला पाहिजे.

कोणी म्हणेल, ज्याची जमीन त्यानें ती पिकवावी अथवा पड ठेवावी. त्यांत इतरांनीं कां पडावें? ह्याचें उत्तर देण्यासाठीं गांवाबाहेर थोडें पाहिलें पाहिजे.

आपलें राज्य अवर्षणाचें आहे. सह्याद्रीचा घाट चढून पलीकडे उतरलें कीं पाऊस झपाट्यानें कमी होतो, आणि नगर-सोलापूरकडे तो वर्षाला पांचसहाशें मिलीमीटरांवर येतो; तोही वेळेवर येईल कीं नाहीं ह्याचा नेम नाहीं. १९७२ सालचा दुष्काळ अद्याप लोकांच्या स्मरणांत आहे. मे १९७३ मध्यें राज्यांतील दुष्काळी कामांवर सुमारें ५० लाख माणसें खडी फोडीत व माती वाहत होतीं, आणि परदेशची लाल मिलो खाऊन लोकांनीं दिवस काढले. त्या अनुभवांतूनच पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. त्यानंतरही देशावर आणि मराठवाड्यांत अवर्षणाचे फेरे थांबलेले नाहींत. २०२३ सालचा ऑगस्ट महिना तर सबंध हिंदुस्थानांत १९०१ पासूनच्या सर्व ऑगस्ट महिन्यांत कोरडा ठरला.

अशा राज्यांत ठाणें जिल्ह्यावर वर्षाकांठीं सुमारें अडीच हजार मिलीमीटर, म्हणजे शंभर इंच पाऊस पडतो. आपल्याकडे पाऊस लबाडी करीत नाहीं असें नाहीं. हस्ताचा पाऊस चुकला तर वरच्या खाचरांतलें गरवें भात पोटरींत असतांना करपतें, हें प्रत्येकाला ठाऊक आहे. पण पावसानें सर्वस्वीं पाठ फिरविली आणि पेरलेलें बीही परत आलें नाहीं, असा प्रसंग आपल्याकडे विरळा. ज्या देशांत शेतीचा मोठा भाग पावसाच्या मर्जीवर आहे, त्या देशांत खात्रीच्या पावसाची जमीन ही संकटसमयींची पुंजी होय. ती पुंजी आपल्या हातीं आहे, आणि आपण ती गवताला देत आहों.

ह्यावर दुसरा आक्षेप येतो तो असा कीं, तांदूळ आतां रेल्वेनें पाहिजे तेथून येतो; छत्तीसगडचा येतो, आंध्राचा येतो, पंजाबचा येतो. मग डोंबिवलीच्या दाराशीं भात लावण्याचा अट्टाहास कशाला? हा आक्षेप वरवरचा नाहीं. परंतु मुंबईनें व कोंकणपट्टीनें असाच विश्वास पूर्वीं एकदां टाकला होता. त्या काळीं ब्रह्मदेशचा तांदूळ आगबोटीनें येई आणि स्वस्त पडे. मार्च १९४२ मध्यें रंगून जपान्यांच्या हातीं गेलें, आगबोटी थांबल्या, आणि १९४३ मध्यें मुंबईंत रेशनिंग सुरू करावें लागलें. त्याच सुमारास 'अधिक धान्य पिकवा' ही चळवळ सरकारनें हातीं घेतली. अलीकडची गोष्ट पाहावी. २० जुलै २०२३ रोजीं केंद्र सरकारनें बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती सप्टेंबर २०२४ मध्यें खुली केली. त्या वेळीं दार लावणारे आपण होतों, आणि आपल्या तांदळावर विसंबणाऱ्या आफ्रिकेंतील गरीब देशांस त्याची झळ लागली. आम्ही सरकारला दोष देत नाहीं; ज्याच्या घरीं धान्य असतें तो टंचाईंत प्रथम आपलीं मुलेंमाणसें पाहतो. पण दुसऱ्याच्या कणगीवर विसंबणाऱ्यानें ह्यांतून काय शिकावयाचें तें शिकावें.

शिवाय तो तांदूळ पिकतो कशावर? पंजाबांत पाऊस आपल्या मानानें फारच थोडा. तेथें भात उभें राहतें तें बहुतांशीं विहिरींच्या व कूपनलिकांच्या उपशावर. तो उपसा इतका वाढला कीं २००९ सालीं तेथें कायदा करून ठराविक तारखेपूर्वीं लावणी करण्यास मनाई करावी लागली. ज्या प्रांतांत पाऊस थोडा तेथें जमिनीखालचें पाणी ओढून भात पिकवावें, आणि जेथें शंभर इंच पाऊस फुकट पडतो तेथें खाचरें पड ठेवावीं, हा व्यवहार फार दिवस चालणारा नव्हे.

आतां हिशेब करूं. चांगल्या कसलेल्या खाचरांत एकरीं बारा क्विंटल भात येणें ही कांहीं अशक्य गोष्ट नाहीं. भरडल्यावर त्याचा दोन तृतीयांश, म्हणजे आठ क्विंटल तांदूळ होतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांतील माणशीं दरमहा पांच किलो धान्य ठरविलें आहे. म्हणजे एका माणसाला वर्षाला साठ किलो. ह्या मापानें एका एकरावर तेरा माणसांचें वर्षाचें रेशन पिकतें. तोच हिशेब गुंठ्यावर आणला तर एका गुंठ्यांत तीस किलो भात, म्हणजे वीस किलो तांदूळ. एका माणसाचें चार महिन्यांचें रेशन. 'दोन गुंठे पडून राहिले, त्यांत काय एवढें?' असें आपण सहज म्हणतों. त्या दोन गुंठ्यांत एका माणसाचीं आठ महिन्यांचीं रेशनचीं पोतीं असतात, एवढें म्हणतांना ध्यानांत असावें.

आणि नुसता तांदूळच जात नाहीं. प्रोफेसर अमर्त्य सेन ह्यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा दाखला घेऊन असें दाखविलें कीं, माणूस उपाशी मरतो तो केवळ देशांत धान्य नसल्यानें नव्हे. धान्य घेण्याची ऐपत गेल्यानेंही मरतो. हें म्हणणें शहरांत बसून वाचलें म्हणजे 'मग शेती कमी झाली तरी चालेल' असा अर्थ कांहीं लोक काढतात. आम्ही तो उलट काढतों. मुरबाड आणि शहापूरकडील कातकरी व ठाकूर कुटुंबें लावणीला आणि कापणीला आपल्याकडे येतात. तो रोज हीच त्यांची पावसाळ्यांतील ऐपत. कापणी उरकली कीं त्यांना वीटभट्टीवर जावें लागतें. खाचर पड राहिलें म्हणजे तांदूळही गेला आणि तो विकत घेण्याची मजुरीही गेली. आपल्यापैकीं ज्याची जमीन पड आहे त्याच्या घरीं दुकानचा तांदूळ येतो, त्याला उणीव भासत नाहीं. उणीव भासते ती लावणीला बोलावणें न आलेल्या घरांत. १९९२-९३ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील जव्हार तालुक्यांत वावर-वांगणी येथें लहान मुलें कुपोषणानें दगावलीं, तेव्हां सबंध राज्य हळहळलें. मुंबईपासून एवढ्या जवळ हें घडावें ह्याचें सर्वांस नवल वाटलें. भूक अंतरावर अवलंबून नसते. ती काम आणि धान्य ह्या दोहोंवर अवलंबून असते.

तिसरी वस्तु पाण्याची. खाचराच्या बांधाआड चार इंच पाणी उभें राहिलें म्हणजे एका एकरांत सुमारें चार लाख लिटर पाणी अडतें. दहा हजार लिटरांचा एक टँकर धरल्यास हे चाळीस टँकर झाले. आणि पावसाळ्यांत खाचर एकदांच भरत नाहीं. हें पाणी हळूहळू जिरतें, खालच्या विहिरीला लागतें आणि ओढ्याला मार्गशीर्षापर्यंत धार ठेवतें. बांध फुटले कीं तेंच पाणी दोन तासांत ओढ्यांतून उल्हास नदीला जातें. मग श्रावणांत कल्याणच्या सखल भागांत पाणी शिरलें म्हणून बोंब, आणि वैशाखांत विहीर आटली म्हणून बोंब. शहापूर तालुक्यांत १८९२ सालीं पुरें झालेलें तानसा धरण आहे, पुढें झालेलें भातसा धरण आहे, आणि तरी त्याच तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकर जातात. मोठीं धरणें शहराची तहान भागवितात. गांवची तहान गांवच्या बांधांनींच भागवावी लागते. हें आमचें एकट्याचें मत नव्हे, प्रत्येक म्हातारा शेतकरी हेंच सांगेल.

इतकें झाल्यावर शेतकऱ्यास बोल लावून लेख संपविणें सोपें आहे. पण तें अन्यायाचें होईल. जमीन पड टाकणारा आळशी असतो असें आम्हीं पाहिलेलें नाहीं. त्याच्या अडचणी खऱ्या आहेत. २०२५-२६ सालीं साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली. बारा क्विंटलांचे २८,४२८ रुपये झाले. त्यांतून नांगरट, चिखलणी, लावणी, बेणणी, खत, कापणी आणि झोडणी वजा करावी, आणि घरच्या माणसांनीं चार महिने चिखलांत घातले त्याची मजुरी धरावी. म्हणजे उरतें काय तें सांगण्याची गरज नाहीं. मुलें डोंबिवली-ठाण्यास नोकरीला, लावणीला माणूस मिळत नाहीं, बैल विकले, रानडुकरें रात्रीं शेतांत. त्यांत दलाल दर पंधरा दिवसांनीं फोन करतो. अशा घरानें एक वर्ष भात लावलें नाहीं, तर त्यास नांवें ठेवण्यापूर्वीं आपण त्याच्या जागीं उभें राहून पाहावें.

आणि एक अडचण अशी आहे कीं ती कोणी चारचौघांत बोलत नाहीं. 'मी लावूं शकत नाहीं, शेजारी लावील. पण उद्यां तो कूळ म्हणून उभा राहिला तर?' ही धास्ती. आमच्याकडे कचेरींत असतांना खासगींत सर्वांत अधिक विचारलेला प्रश्न हाच. १९४८ च्या कूळकायद्यानें दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणें कसणाऱ्यास संरक्षण दिलें, तें योग्यच होतें. परंतु त्याचा आज असा परिणाम झाला आहे कीं कसूं शकणारा शेजारी बांधावर बसून आहे, आणि त्याच्या डोळ्यांदेखत खाचरांत गवत वाढतें आहे.

पडीचा शेवट कसा होतो ह्याचें एक उदाहरण सांगतों. कल्याण तालुक्यांतील एका गांवचें आहे. गांवाचें व माणसांचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. टेकडीच्या पायथ्यापासून ओढ्यापर्यंत उतरत गेलेलीं खाचरें, वरच्याचें पाणी खालच्याला, त्याचें त्याच्या खालच्याला. मधलें खाचर तिघां भावांचें. तिघेही नोकरीला, एका वर्षीं लावणी राहिली. पहिल्या सालीं कांहीं बिघडलें नाहीं. दुसऱ्या सालीं खेकड्यांनीं बांधाला भोंकें पाडलीं, तीं लिंपण्यास कोणी नव्हतें. तिसऱ्या सालीं आषाढांत बांध वाहून गेला आणि वरचें सारें पाणी एका ओघळीनें खालच्या खाचरांत शिरलें. तेथें रेताड साचलें. त्या खातेदारानें एक वर्ष रेती काढली, दुसऱ्या वर्षीं हात टेकले. वाढलेल्या गवतांत डुकरांनीं ठाण मांडलें, तेव्हां वरच्यानेंही सोडून दिलें. सहा वर्षांत एका खाचराची पड सात खातेदारांची झाली. पीक पाहणींत प्रथम 'चालू पड' असें लागे. पुढें 'कायम पड' लागूं लागलें. नंतर दलाल आला, तो सातांकडेही एकाच आठवड्यांत गेला, आणि प्रत्येकास त्यानें एकच वाक्य ऐकविलें: 'तुमची जमीन तर पडच आहे, येतें काय त्यांतून?' त्यावर सातांपैकीं एकालाही उत्तर देतां आलें नाहीं. ज्या भावाला जमिनी गेल्या तो सांगून आम्ही कोणाला दुःख देत नाहीं. विकणें हा खातेदाराचा हक्क आहे, मुलीचें लग्न अथवा आजारपण असतां तो कोणी वापरला तर त्यांत वावगें नाहीं. पण विकावयाचीच असेल तर भात उभें असतांना विकावी. पड पाडून विकणाऱ्याला भाव सांगण्यास तोंड राहत नाहीं.

कायदाही कसत्या जमिनीकडेच पाहतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या दहाव्या कलमांत अन्नसुरक्षेसाठीं संरक्षण ठेवलें आहे. ओलिताची बहुपिकी जमीन निरुपाय झाल्याखेरीज घेऊं नये, आणि इतर शेतजमीन घेतांना जिल्ह्याच्या अथवा राज्याच्या निव्वळ पेरणीखालील क्षेत्राच्या मानानें मर्यादा असावी, असा त्याचा आशय आहे. रस्ते, रेल्वे, कालवे अशा लांबट कामांना तें लागू नाहीं, आणि आपल्या एकपिकी खाचरांस त्याचा पहिला भाग उपयोगी पडत नाहीं, हें खरें. पण जो दुसरा भाग उरतो त्याचें माप 'पेरणीखालील क्षेत्र' हें आहे. जें पेरलेंच नाहीं तें त्या मापांत येत नाहीं. म्हणजे आपण जितकी जमीन पड टाकतों तितकें कायद्याचें कुंपण आपणच आंत सरकवितों. दुसरीकडे कूळकायद्याच्या ६५ व्या कलमांत, सलग दोन वर्षें लागवडीवांचून राहिलेल्या जमिनीचें व्यवस्थापन चौकशीअंतीं सरकारनें हातीं घेण्याची तरतूद आहे. तें कलम चालविलेलें आम्हीं आपल्या नोकरींत पाहिलें नाहीं, आणि त्याचा बडगा उगारावा असेंही आमचें म्हणणें नाहीं. परंतु जमीन पिकती ठेवणें ही केवळ खातेदाराची मर्जी नव्हे, असें कायदा करणारांसही वाटलें होतें, एवढें त्यावरून दिसतें.

मग करावें काय? आमच्या सूचना थोड्या आहेत आणि त्या सरकारची वाट न पाहतां करण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, प्रत्येक गांवच्या सभासदांनीं अक्षय्य तृतीयेपूर्वीं एकत्र बसून गांवांत कोणतें खाचर किती वर्षें पड आहे ह्याची यादी करावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, तेव्हांपासून पिकाची नोंद आपली आपण मोबाइलवर करावयाची आहे. पुष्कळजण भात लावूनही नोंद करीत नाहींत. मग भात असतां उतारा कोरा राहतो, आणि खरेदी केंद्रावर किंवा नुकसानभरपाईच्या वेळीं धांवपळ होते. लावलें असेल त्यानें 'भात' अशी नोंद केलीच पाहिजे. पड असेल त्यानें 'पड' अशीच करावी. खोटें भात दाखवूं नये. दुखणें लपवून औषध मिळत नाहीं.

दुसरी गोष्ट, बांध. भात कोणी लावो अथवा न लावो, बांध मृगापूर्वीं लिंपला गेलाच पाहिजे, आणि त्याचा खर्च खातेदारानें दिला पाहिजे. एका खाचराच्या उतरणींतील सर्व खातेदारांनीं हा करार आपसांत करावा. वरील उदाहरणांत तिघां भावांनीं दरसाल दोन दिवसांची मजुरी पाठविली असती तर सात घरांची शेती वांचली असती.

तिसरी गोष्ट मुख्य आहे. ज्यास लावणें जमत नाहीं, त्याच्यासाठीं आपल्या मंडळानें रोख मजुरीवर काम करून देण्याची सोय करावी. कूळकायद्याच्या चौथ्या कलमांत, रोख किंवा वस्तूच्या रूपानें वेतन घेणारा नोकर, पिकाचा वांटा न घेणारा, आणि मालकाच्या देखरेखीखालीं काम करणारा मजूर, हे कूळ गणले जात नाहींत. ह्याचा उपयोग करावा. मंडळानें पॉवर टिलर ठेवावा, रोपें तयार करावीं, लावणी-कापणीच्या टोळीची व्यवस्था करावी, आणि प्रत्येक कामाचा दर पत्रकावर छापावा. खातेदारानें रोख पैसे द्यावे, पावती घ्यावी, सुट्टीच्या दिवशीं येऊन देखरेख करावी, आणि पीक सर्व आपण न्यावें. वांटा नाहीं म्हणून कुळाची धास्ती नाहीं. शेत कसलें म्हणून पडीचा डाग नाहीं. कोणीं कांहीं लिहून देण्यापूर्वीं जाणत्या वकिलास दाखवावें, हें मात्र आम्ही आवर्जून सांगतों.

चौथी गोष्ट, लावणीचा खर्च. कर्जतचें भात संशोधन केंद्र १९१९ पासून आपल्या शेजारीं आहे; तेथील सुधारलेलीं वाणें आपल्या जमिनीसाठींच काढलेलीं आहेत. वरच्या खाचरांत गरव्याचा हट्ट सोडून हळवें घ्यावें, म्हणजे हस्त चुकला तरी दाणा भरतो. मजूरच मिळत नसतील तेथें नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे ह्यांनीं प्रचारांत आणलेलें सगुणा भात तंत्र निदान पांच गुंठ्यांवर करून पाहावें. त्यांत चिखलणी व लावणी दोन्ही वांचतात, गादीवाफ्यावर बी टोकलें जातें. कापणीनंतरच्या ओलीवर वाल, हरभरा अथवा मूग घ्यावा. ह्यासाठीं गांवानें मोकाट गुरें सोडण्याची चाल एका वर्षापुरती तरी बंद करावी. भाताच्या पैशांत वालाचे पैसे मिळाले म्हणजे हिशेबाचें तोंड थोडें तरी फिरतें.

सरकारपाशीं मागणें एकच आहे. नीति आयोगानें २०१६ सालीं शेतजमीन मुदतीनें कसावयास देण्याविषयीं एक नमुना कायदा राज्यांपुढें ठेवला. मालकाचा हक्क जाणार नाहीं आणि कसणाऱ्यास ठरल्या मुदतींत कोणी उठविणार नाहीं, अशी खात्रीची एकदोन हंगामांची व्यवस्था आपल्या जिल्ह्यासारख्या शहरालगतच्या भागांत मिळाली, तर बांधावर बसलेल्या शेजाऱ्याचे हात कामाला लागतील. आमच्या मंडळानें येत्या सभेंत ह्याचा ठराव करावा.

शेवटीं एका गोष्टीची आठवण देतों. १ एप्रिल १९५७ हा दिवस कूळकायद्यांत 'कृषक दिन' म्हणून लिहिलेला आहे. आज जे आपण खातेदार म्हणवितों, त्यांपैकीं पुष्कळांचे आजे त्या दिवसापर्यंत कुळें होते. खोताची अथवा सावकाराची जमीन त्यांच्या नांवें लागली ती त्यांनीं पैसे मोजून बाजारांत घेतली म्हणून नव्हे. तिच्यांत त्यांचा घाम होता म्हणून लागली. जमीन कसणाऱ्याची, ह्या एका तत्त्वावर नमुना सातांत आपल्या घराण्याचें नांव चढलें. त्याच उताऱ्याच्या खालच्या भागांत आज आपण 'पड' असें लिहावें, हें त्या नांवास शोभणारें नाहीं.

मृग नक्षत्रास अद्याप अवकाश आहे. ज्यांचें खाचर गेल्या वर्षीं राहिलें त्यांनीं ह्या वर्षीं निदान बांध लिंपून घ्यावा, आणि जमेल तितके गुंठे लावावे. पांच गुंठे लागले तरी एका माणसाचें वीस महिन्यांचें रेशन झालें. पुढल्या वर्षीं सातबारा काढून खालचा तक्ता पाहावा. तेथें 'भात' हा शब्द परत आलेला दिसला तर ह्या लेखाचें काम झालें असें आम्ही समजूं.